प्रोफेशनल क्रिकेटरसाठी सगळ्यात अवघड काय असतं?

माझ्या मते वाट बघणं. मेहनत सगळेच करतात हो, पण टीममध्ये जागा अकराच, आणि तुमच्या जागेवरचा माणूस फॉर्मात असेल तर तुम्ही कितीही रन्स करा, काही होत नाही. मुंबईचा बॅट्समन अमोल मुजुमदारचं बघा ना, 1988 च्या त्या शाळेच्या मॅचमध्ये सचिन-कांबळीची 664 ची पार्टनरशिप चालू असताना हा पॅड बांधून बसून राहिला, पुढे रणजी पदार्पणातच 260 ठोकले, फर्स्ट क्लासमध्ये 11 हजारांच्या वर रन्स केले आणि तरी इंडियाची कॅप काही मिळाली नाही. 2025 मध्ये त्याच्याच कोचिंगखाली महिला टीम वर्ल्ड कप जिंकली तेव्हा खरंच डोळ्यात पाणी आलं.

मग शरीर. फास्ट बॉलरचा पुढचा पाय क्रीझवर आदळतो तेव्हा वजनाच्या कितीतरी पट जोर गुडघ्यातून कंबरेत जातो, आणि कमी वयात हाडं पुरती पक्की झालेली नसतात म्हणून स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला बारीक तडे, होतात. ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर पॅट कमिन्सने 18 व्या वर्षी, 2011 मध्ये पहिली टेस्ट खेळली, मॅन ऑफ द मॅच झाला, आणि दुसरी टेस्ट थेट 2017 मध्ये!! मधली पाचेक वर्षं पाठ आणि रिहॅब.

पैसा आता आयपीएलसारख्या टी20 लीगमध्ये आहे, त्यामुळे नुसतं टी20 खेळणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, करिअर छोटं असतं. पण बहुतेकांना विचारलंत तर स्वप्न अजून टेस्ट कॅपचंच असतं.