मांचू दरबारातले सगळेच 'युवराज' कसे?

चिनी मालिका पाहून एकाने विचारलंय की 'बेले', 'बेइस' आणि 'बातुरू' या तिन्ही मांचू पदव्यांना मराठीत 'युवराज' आणि 'गेगे'ला 'राजकन्या' म्हटलं तर चालेल का? हल्ली जो तो तसंच लिहितो, म्हणून एकदाच सांगतो. नाही चालणार.

चीनवर राज्य करणाऱ्या मांचूंच्या छिंग घराण्याच्या दरबारात युवराज हे प्रकरणच अवघड होतं. कांगशी बादशहाने आपल्या मुलाला, यिनरंगला, युवराज केलं, १७०८ मध्ये काढलं, पुन्हा बसवलं आणि १७१२ मध्ये कायमचं काढलं. हा तमाशा पाहिलेल्या पुढच्या बादशहाने, योंगचंगने, १७२३ मध्ये वारसाचं नाव लिहून पेटीत घातलं आणि ती पेटी महालातल्या पाटीमागे ठेवून दिली. 'बेले' ही राजकुळातली तिसरी पायरी, छिनवांग आणि च्युनवांग या पहिल्या दोन पायऱ्यांच्या खालची. त्याखाली 'बेइस'. गंमत म्हणजे 'बेइस' हे मुळात 'बेले'चंच अनेकवचन. अनेकवचनाचीच कनिष्ठ पदवी झाली! 'लोखंडी टोपी'वाली, म्हणजे पदवी न घसरणारी, मोजकी घराणी सोडली, तर वारसाला बापापेक्षा एक पायरी खालची पदवी मिळे.

पण खरा मासला 'बातुरू'. हा तर राजकुळातला असायचीही गरज नाही. रणात शौर्य गाजवलं की पदवी मिळाली, मग मांचू असो वा चिनी. ओबोई या मांचू सरदाराला ती १६३७ मध्ये मिळाली. पुढे तो बालबादशहा कांगशीचा कारभारी झाला आणि १६६९ मध्ये त्याच कांगशीने त्याला कैद केलं. त्याला युवराज म्हणणं म्हणजे एखाद्या रावबहादुराला युवराज म्हणणं.

रावबहादूर उगाच नाही आठवला. 'बातुरू' आणि आपला 'बहादूर' सख्खे भाऊ आहेत! चंगेजखानाचा बाप येसुगै 'बगातुर' म्हणवायचा. मधला 'ग' झिजला. फारसीत त्या जागी 'ह' आला आणि 'बहादूर' होऊन तो आपल्याकडे पोचला, थेट बाजीराव-मस्तानीच्या समशेर बहादरापर्यंत. तिकडे मांचूत अस्सल शब्द स्वराने संपतो, फार तर 'न'ने. 'र'ने नाहीच. म्हणून शेवटी 'ऊ' चिकटला. मंगोलियाची राजधानी उलानबातर म्हणजे शब्दशः लाल बहादूर, आता बोला.

आणि तरीही काही विद्वान 'बहादूर' संस्कृत 'भद्र'मधून ओढून आणतात. 'भद्र'मध्ये 'ह' आणि मधला 'आ' कुठून आले, ते त्यांनी सांगावं. वर, संस्कृतातूनच आला असता तर तो फारसीच्या पालखीतून कशाला आला असता? माझ्या मते हा शब्द घोडदळाबरोबर फिरला. जिथे घोडेस्वारांचं राज्य झालं तिथे तो पदवी म्हणून बसला, आणि 'बातुरू' ही पदवी सहसा बापाकडून लेकाकडे जात नसे ती कदाचित त्यामुळेच. घोड्यावर बसायचं ज्याचं त्यालाच असतं.

'गेगे'चं राहिलंच. १६३६ नंतर ही पदवी वांग-बेल्यांच्या लेकींची. बादशहाच्या पोटच्या मुलीला 'गोंगझू' म्हणत, त्यामुळे 'राजकन्या' तिच्यासाठी राखून ठेवा.