कोपायलट नको, म्हणून विंडोजही सोडायचं का?

प्रश्न : विंडोज ११ मध्ये जागोजाग कोपायलट (मायक्रोसॉफ्टचा एआय सहायक) पुढे येतं. मला ते नको आहे. लेख लिहिणं, ईमेल, बँक आणि यूट्यूब एवढंच माझं काम. लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत सिस्टिमवर) जाऊ का? जुने लेख श्रीलिपीत आहेत.
– निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी

उत्तर : जरूर जा. तुमचं काम कुठल्याही एका सॉफ्टवेअरवर अडलेलं नाही, त्यामुळे बदल तुम्हाला सोपा जाईल. लिनक्सचे अनेक प्रकार आहेत, त्यातल्या लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्या. ती मोफत आहे, २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत आणि तिच्यात एआय सहायक मुळात घातलेलाच नाही. ४ जीबी रॅमवर चालते, ८ जीबीवर आरामात.

पण सगळ्यात आधी लेख सांभाळा. श्रीलिपीतले जुने फॉन्ट युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नाहीत, तेव्हा विंडोज काढण्यापूर्वीच कन्व्हर्टरने सगळे लेख युनिकोडमध्ये करून घ्या. नंतर 'किल्ला', 'सूर्य', 'दुसऱ्या' असे शब्द शोधून तपासा. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये नेमकं उलटं. त्यामुळे चुका तिथेच होतात. मूळ आणि बदललेल्या अशा दोन्ही प्रती बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवा. वर्षानुवर्षांचं लेखन आहे, इथे घाई नको.

मग ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. मिंटच्या संकेतस्थळावरून आयएसओ फाइल, म्हणजे मिंटची पूर्ण प्रत, उतरवा (साधारण ३ जीबी) आणि रूफस या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर चढवा. लॅपटॉप सुरू होताना डेल किंवा लिनोवो असेल तर एफ१२, एचपी असेल तर एफ९ दाबून पेनड्राइव्ह निवडा. मिंट काहीही न बसवता, थेट पेनड्राइव्हवरून चालू होतं. तेवढ्यात वाय-फाय, आवाज, टचपॅड आणि प्रिंटर चालवून बघा. ब्रॉडकॉमच्या चिपचं वाय-फाय बऱ्याचदा लागत नाही. अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट मिळेल, आणि मिंट बसवून झाल्यावर 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून ड्रायव्हर घ्या. प्रिंटर एचपीचा असेल तर सहसा अडचण येत नाही. कॅननचा एलबीपी २९०० असेल तर मात्र थांबा. तो कॅननची स्वतःची भाषाच समजतो, लिनक्ससाठीचा त्याचा ड्रायव्हर जुनाट आहे आणि बसवताना फार छळतो.

अडचण येण्याच्या आणखी दोन जागा आहेत. नव्या लॅपटॉपवर डिस्क बहुधा बिटलॉकरने (विंडोजच्या एन्क्रिप्शनने) कुलूपबंद असते. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बंद करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. दुसरी जागा म्हणजे इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपवर मिंटला डिस्कच दिसत नाही. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'व्हीएमडी' हा डिस्कचा पर्याय बंद केला की दिसते, मात्र त्यानंतर विंडोज सुरू होत नाही. तुम्ही विंडोज काढणारच आहात, त्यामुळे चालेल.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट (देवनागरीची प्रमाण कळरचना) जोडा. लिब्रे ऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीपेक्षा वेगळा, 'सीटीएल' या देवनागरीसारख्या लिप्यांच्या विभागाखाली निवडावा लागतो. तिथे नोटो सान्स देवनागरी ठेवा. वर्डच्या फाइलींत मंगल फॉन्ट असेल तर ओळी थोड्या सरकतील, मजकूर शाबूत राहील.

प्रश्न : दुकानात टॅली आहे. एआय नको म्हणून लिनक्स टाकलं तर टॅली चालेल का?
– धान्य व्यापारी, लक्ष्मीपुरी

उत्तर : दुकानाच्या मशीनवर विंडोजच राहू द्या. टॅली विंडोजसाठी बनतं. वाइन या विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ते चालवायचे खटाटोप लोक करतात, पण हिशेबाच्या डेटावर असले प्रयोग नकोत. त्याऐवजी नको ते काढून टाका. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स इथून कोपायलट अनइन्स्टॉल होतं. नोटपॅडच्या सेटिंगमध्ये एआयचं बटण बंद करा. वर्ड आणि एक्सेलमध्ये फाइल, ऑप्शन्स, कोपायलट इथली खूण काढा, दोन्हींत वेगवेगळी. पडद्याची चित्रं साठवणारं 'रिकॉल' फक्त 'कोपायलट प्लस' (एआयसाठी खास बनवलेल्या) मशीनवर असतं. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' या यादीत त्याची खूण काढली की तेही जातं. मोठ्या अपडेटनंतर हे सगळं पुन्हा एकदा बघा, काढलेलं परत आलेलं असू शकतं.

तरीही मिंट हवंच असेल तर डेस्कटॉपला २४० जीबीची वेगळी एसएसडी लावून तिच्यावर टाका. विंडोजची डिस्क तेवढ्यापुरती काढून ठेवली तर चुकून पुसली जाण्याचा धोकाच राहत नाही. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि लिनक्समधून त्या डिस्कवर काही लिहिता येत नाही. मिंट वापरून परत विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकतं, कारण लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं. बिलं करण्याआधी वेळ बघून घ्या.

प्रश्न : लिनक्स घेतलं की एआय पूर्ण बंद होतं का?
– विद्यार्थी, शाहूपुरी

उत्तर : नाही. ब्राउझर आणि ईमेलमधलं एआय कुठल्याही सिस्टिमवर तसंच राहतं. फायरफॉक्सच्या १४८ व्या आवृत्तीपासून सेटिंग्जमध्ये सगळी एआय साधनं एकदम बंद करण्याचा पर्याय आहे. जीमेलमध्ये 'स्मार्ट फीचर्स' बंद करता येतात, मात्र त्याबरोबर प्रायमरी, प्रमोशन्स हे कप्पेही जातात आणि सगळी पत्रं एकाच यादीत येतात.