फ्रिजवाल्याची नळी ब्रेकला चालेल का?

प्रश्न : काका, मारुती ८०० चं इंजिन आणि पुढची ॲसेंब्ली वापरून शेतात फिरवायला घरीच बग्गी बनवतोय, रंगपण मारून झालाय. ब्रेक लाइनला फ्रिजवाल्याकडून तांब्याची नळी आणली आणि पितळी रिंग घालून नट आवळतात तसले जॉइंट केलेत. लिकेज दिसत नाही पण पेडल स्पंजी (मऊ, दबत जाणारं) लागतं, चार वेळा ब्लीड केलं, म्हणजे लाइनमधली हवा काढली. आणि स्टेअरिंग पूर्ण वळवलं की होज (चाकाकडे जाणारी रबरी ब्रेक नळी) टायरला घासतो, केबल टाय मारून ओढून बांधू का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : टाय राहू दे, आधी ती नळी काढ बाबा. टायरमधे आपण ३० पीएसआय हवा भरतो, इथे जोरात ब्रेक मारला की हजार पीएसआय सहज होतं, तिथे रिंगवाला जॉइंट कधी सटकेल सांगता येत नाही. आणि साधं तांबं हादऱ्यांनी कडक होऊन तडकतं, म्हणून आज लिकेज नाही याला काही अर्थ नाही. स्पेअर पार्टवाल्याकडे ४.७५ एमएमचा स्टीलचा ब्रेक पाइप मागायचा, कुप्रोनिकल (तांबं-निकेल मिश्रधातू) मिळाला तर अजून छान, वाकवायला सोपा आणि गंजत नाही.

टोकाला फ्लेअर, म्हणजे पाइपचं फुगवून पसरवलेलं तोंड, पाहिजेच. जुन्या मारुतीच्या पाइपचं टोक बघ, कर्ण्यासारखं आत वळलेलं आहे की बोंडासारखं फुगलेलं, तसंच बनवायचं, एकाच्या जागी दुसरं बसवायचं नाही. नट आधी पाइपात ओवायचा आणि मग फ्लेअर मारायचा, हे सगळेच एकदा तरी विसरतात, मी तर तीनदा विसरलोय. आटेपण तपास. १० एमएम व्यासाच्या, १ एमएम पिचच्या (दोन आट्यांमधलं अंतर) भोकात ३/८ इंचाचा नट ढिला ढिला जातो आणि बसल्यासारखा वाटतो, पण प्रेशरला बाहेर येतो. टेफलॉन टेप अजिबात नको, सील फ्लेअर करतो, आटे नाही.

होजचं म्हणशील तर गाडी जॅकवर घे, चाक पूर्ण खाली लोंबू दे, स्टेअरिंग डावीकडे उजवीकडे पूर्ण फिरव, मग जॅकने चाक वर दाबून परत फिरव. या सगळ्यात होज कुठे ताणला नाही, पिळला नाही, घासला नाही पाहिजे. घासत असेल तर चेसिसवरचं ब्रॅकेट सरकव किंवा लांबी बदल. होज बसवायला बॅन्जो बोल्ट (आतून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) असेल तर दोन्ही बाजूला नवीन तांब्याचे वायसर टाक. स्टीलचा पाइप साधारण प्रत्येक फुटावर क्लिपने पकड, पत्र्यातून जातो तिथे रबर ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी रिंग), आणि सायलेन्सरपासून लांब.

आता स्पंजी पेडल. मला दाट संशय आहे की तुझे कॅलिपर (ब्रेकच्या चकतीला पॅडने दाबणारे भाग) डावे-उजवे उलटे लागलेत. ब्लीड निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) वरच्या बाजूलाच पाहिजे, खाली असेल तर हवा वरच अडकून बसते, चार काय चाळीस वेळा ब्लीड कर. ब्लीड करताना ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच ऑइल वापर, उघडून ठेवलेली जुनी बाटली नको, ते हवेतली ओल शोषतं. मग एक मिनिट पूर्ण जोर लावून पेडल दाबून धर आणि दुसऱ्याला प्रत्येक जॉइंट कोरड्या कागदाने पुसून बघायला सांग. रस्त्यावर मात्र काढू नकोस, मान्यतेशिवाय असल्या गाडीचं रजिस्ट्रेशन होत नाही.

आणि हो, ऑइल सांडलं तर लगेच पाणी मार, तुझा नवा रंग सोलून निघेल.