सॅव्हानाची हलकी जमीन, शेणखत आणि युरियाची गोणी

प्रश्न : आफ्रिकेतील सॅव्हाना म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशात वर्षानुवर्षे रासायनिक खते टाकल्याने जमिनी बिघडल्या, असे आमच्या वाचनात आले. आम्हीही ती बंद करून नुसत्या शेणखतावर यावे काय?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, पण अर्धेच. उत्तर नायजेरियात झारियाजवळच्या सामारू येथे १९५० पासून आणि बुर्किना फासोमधील सारिया येथे १९६० पासून या दोन्ही खतांचे दीर्घकालीन प्रयोग झाले. तेथील जमीन रेताड. तिच्यात चिकणमातीचे कण थोडे आणि तेही केओलिनाइट या अन्नद्रव्ये कमी धरणाऱ्या प्रकारचे असल्यामुळे अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची तिची ताकद मुळातच तोकडी असते व बरीचशी सेंद्रिय पदार्थावर अवलंबून असते. सामारूत सुरुवातीला नत्रासाठी अमोनियम सल्फेट देत. अमोनियमचे नायट्रेट होताना आम्लता वाढते, पावसाबरोबर खाली झिरपणारे नायट्रेट कॅल्शियम व मॅग्नेशियमही घेऊन जाते, आणि सामू (पीएच; ७ च्या खाली जमीन आम्ल, वर विम्ल) फार उतरला की विद्राव्य झालेले ॲल्युमिनियम मुळांना बाधते. शेणखताची जोड असली की ही घसरण बरीच रोखली जाते.

मग नुसते शेणखत का नको? हिशेब करून पाहावा. कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे टनाला ५ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ते सुमारे २१ किलो असते. तेवढ्यासाठी चार टनांहून अधिक शेणखत लागते, आणि त्यातले सारे नत्र पहिल्याच हंगामात पिकाला मिळत नाही. तिकडे कापणीनंतर फुलानी गुराखी शेतात गुरे बसवतात, जशी आपल्याकडे धनगरांची मेंढरे बसवली जातात. परंतु उघड्यावर उन्हात पडलेल्या शेणातील पुष्कळ नत्र हवेत उडून जाते आणि उरलेल्या शेणाला वाळवी लागते. नायजरमधील बाजरी उत्पादक खत सरसकट न फेकता तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढेच प्रत्येक आळ्यात बियाण्याजवळ देतात. थोड्या खतात भागवण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू बहुधा ८ च्या आसपास असतो, त्यामुळे आम्लतेच्या भीतीने तेथे युरिया बंद करणे म्हणजे दुसऱ्याच्या दुखण्याचे औषध आपण घेणे होय. तेथे धोका वेगळा आहे : वर पडून राहिलेल्या युरियातील नत्र अमोनिया होऊन उडते. सॅव्हानाचा अनुभव अधिक लागू पडतो तो माळावरच्या हलक्या, मुरमाड जमिनीला आणि आम्लतेपुरता कोकणातील जांभ्या जमिनीला.

तेव्हा माती तपासून घ्यावी, कुजलेले शेणखत पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडे पसरून त्याच दिवशी वखराने मिसळावे आणि युरिया हप्त्याने, ओल असताना मातीआड करून द्यावा. ज्वारीची धसकटे पेरणीच्या तोंडावर कच्चीच गाडल्यास ती कुजवणारे जिवाणू जमिनीतील नत्र ओढून घेतात व कोवळे पीक पिवळे पडते. अशा वेळी दोष बियाण्याला देऊ नये.