तुमचे प्रश्न : गिरणगावच्या गल्ल्या आणि माणसं लिहून ठेवायची तर कशी?

यावेळी आलेल्या पत्रांत परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी या भागातल्या जुन्या वस्तीबद्दलची पत्रं इतकी होती की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ असं ठरवलं. मी पण लालबागच्याच बाजूला वाढलो, त्यामुळे उत्तरं थोडी लांबली आहेत.

प्रश्न : आमचं लहानपण डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत गेलं. वडील गिरणीत होते, संपानंतर ते गावी गेले आणि आम्ही भाऊ-बहीण पुढं डोंबिवलीला आलो. आता चाळी पाडून टॉवर होतायत. मुलांसाठी ती वस्ती आणि तिथली माणसं लिहून ठेवायचीयत, पण लिहायला बसले की गणपती, नळावरची भांडणं आणि 'सगळे एका कुटुंबासारखे राहायचो' याच्या पुढं पान सरकतच नाही. सुरुवात कुठून करू? (एक वाचक भगिनी, डोंबिवली)

ताई, 'एका कुटुंबासारखे' हे वाक्य आधी बाजूला ठेवा. खोटं आहे म्हणून नाही हो, पण ते लिहिलं की माणसं दिसेनाशी होतात. त्याऐवजी तुमच्या मजल्याचा एक कच्चा नकाशा काढा. बीडीडी चाळींचं एक बरं आहे की सगळ्यांचा साचा सारखाच, तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका इमारतीत ऐंशी बिऱ्हाडं, आणि खोली १६० चौरस फुटांची. १९२० च्या सुमारास सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधायला घेतल्या म्हणून बीडीडी, वरळीला १२१ इमारती, नायगावला ४२, तुमच्या डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तर कागदावर जिन्यापासून शेवटपर्यंत वीस चौकटी आखा, आपली खोली भरा, मग शेजारची, मग समोरची. प्रत्येक चौकटीत एवढंच लिहा की कोण राहायचं, गाव कुठलं, गिरणी कुठली आणि खातं कुठलं, पाळी कुठली, आणि रात्री कोण कुठं झोपायचं. हे शेवटचं विसरू नका. खोलीत कोण, गॅलरीत कोण, गच्चीवर कोण, आणि पाहुणे आले की कोण कुणाकडे झोपायला जायचं, यातून जे कळतं ना ते जिव्हाळ्यावरच्या दहा पानांतून कळत नाही.

चौकटी रिकाम्या राहतील. राहू देत, त्या रिकाम्या चौकटीच दुसऱ्याला बोलतं करतात. जुन्या शेजाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आठवणी सांगा' म्हटलं की लोक हात जोडलेले आणि फुलं टाकतात, पण हा नकाशा टाकून 'चौदा नंबरमध्ये कोण होतं?' विचारलं की अर्ध्या तासात तिघंजण भांडायला लागतात की तिथं सातारकर होते का मालवणातले, आणि त्या भांडणात तुम्हाला नाव, गाव, गिरणी सगळं मिळून जातं.

मग जिना उतरून रस्त्यावर या. पिठाची गिरणी, रेशनचं दुकान, इराण्याचं हॉटेल, सलून, भाजीवाल्या बायका कुठं बसायच्या, व्यायामशाळा, कामगार कल्याण केंद्र. पण रस्ता लिहिताना वेळ टाका, कारण गिरणगावचा रस्ता पाळीवर चालायचा. सकाळच्या भोंग्याआधी डबे घेऊन निघालेली गर्दी, दुपारी पाळी बदलताना दोन्ही बाजूंनी माणसं, रात्री दुसरी पाळी सुटली की उशिरापर्यंत उघडी असलेली चहाची दुकानं, आणि पगाराच्या दिवशी गेटबाहेर उभे असलेले व्याजवाले. रातपाळीवाले दिवसा झोपायचे म्हणून आम्हा पोरांना गॅलरीत खेळायला बंदी असायची, तुमच्याकडेही असणार, लिहा ते.

आता आठवण जिथं अडते तिथं कागद. लोक म्हणतात की आमच्याकडे काही कागदपत्रं नाहीत, पण असतात, घरात पत्र्याच्या ट्रंकेत असतात. सगळ्यात भारी म्हणजे लग्नपत्रिका. जुन्या पत्रिकेवर गावचा पत्ता, खाली मुंबईचा पत्ता, चाळ नंबर, खोली नंबर, आणि निमंत्रकांत आख्खी भावकी छापलेली असते, कधी अमुक मिलमध्ये नोकरीला असंही. दुसरं म्हणजे गणेशोत्सव मंडळांचे अहवाल आणि स्मरणिका. चिंचपोकळीचं मंडळ १९२० चं, गणेश गल्लीचं १९२८ चं, लालबागच्या राजाचं १९३४ चं, आणि लहान लहान मंडळं तर गल्लोगल्ली. स्मरणिकेतले लेख राहू द्या, जाहिराती वाचा. कुठल्या नाक्यावर कुठला टेलर, कुठलं भांड्यांचं दुकान, कुठला घड्याळजी, पत्त्यासकट, आणि त्याच्या आधी वर्गणीदारांची यादी खोलीवार. एवढी चांगली रस्त्याची नोंद दुसरीकडे कुठं नाही असं माझं ठाम मत आहे. तिसरं, गावाकडे जा. मनीऑर्डरच्या पावत्या, आंतर्देशीय पत्रं, ती मुंबईहून गावाला गेलेली, म्हणून मुंबईत सापडणार नाहीत, गावच्या घरात सापडतील. आणि कोकणातल्या किंवा घाटावरच्या तुमच्या गावाचं मुंबईत मंडळ असेल तर त्यांच्या जुन्या वह्या बघा, कोण कुठल्या खोलीत उतरायचं ते त्यात असतं.

एक मात्र कळकळीनं सांगतो, गिरणीचा पास, हजेरीचं तिकीट, पीएफची स्लिप, ईएसआयचं कार्ड हे सापडलं तर ओरिजिनल कुणालाही देऊ नका, प्रदर्शनालाही नाही, फोटो काढून द्या. गिरणी कामगारांच्या घरांसाठी हेच कागद पुरावा म्हणून मागतात.

प्रश्न : डिलाईल रोड आणि ना. म. जोशी मार्ग एकच ना? लिहिताना कुठलं नाव घालायचं? (एक वाचक, ठाणे)

एकच. आर्थर रोड म्हणजे आताचा साने गुरुजी मार्ग, सात रस्ता म्हणजे जेकब सर्कल म्हणजे कागदावर संत गाडगे महाराज चौक, आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ पासून प्रभादेवी. आठवणीत जे नाव तोंडी होतं तेच घाला आणि पहिल्यांदा येईल तिथं पुढं आताचं नाव लिहा, नाहीतर तुमच्या नातवंडांना नकाशात ती जागा सापडणार नाही. आणि नवं नाव परकं समजू नका हं. ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, याच कामगार वस्तीत वाचनालयं, रात्रशाळा चालवल्या, परळचं दामोदर नाट्यगृह त्याच संस्थेचं. त्या रस्त्याला हे नाव शोभतंच.

प्रश्न : आजी लालबागला खानावळ चालवायची एवढंच माहितीय. घरात कुणी त्याबद्दल फारसं बोलत नाही, जणू काही कमीपणाचं होतं. त्याबद्दल काय लिहिणार? (एक वाचक, नालासोपारा)

अहो कमीपणाचं कसलं, तिच्या जिवावर गिरण्या चालल्या! नीट सांगतो. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली, ताडदेवला, १८५६ पासून ती चालू झाली, आणि त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षं कोकणातून, साताऱ्या-कोल्हापूर-पुण्याकडून पुरुष आले ते बहुतेक एकटे आले. बायकापोरं गावाला, शेतीवर. एका खोलीत दहा-पंधरा-वीस जण, त्याला गाळा म्हणायचे, एक पाळीला गेला की त्याच जागेवर दुसऱ्याची वळकटी उलगडायची. चूल पेटवणार कोण? मग आजीसारखी बाई, कधी नवरा आजारी, कधी नवरा गेलेला, कधी नवऱ्याचा पगार पुरत नाही म्हणून, स्वतःच्या त्याच खोलीत पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक करायची. पैसे महिन्याच्या बोलीवर, पगार झाला की मिळणार, तोवर किराणा उधारीवर नाहीतर सावकाराकडून व्याजानं. पाळीप्रमाणे जेवण म्हणजे पहाटे उठायचं आणि मध्यरात्रीनंतर आडवं व्हायचं. सत्तरच्या दशकातल्या संपात या बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं, स्वतः कर्जात गेल्या, आणि त्यातूनच १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी दादरला अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ज्यामुळे खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं.

तेव्हा आजीबद्दल लिहिताना विचारा की जेवायला किती माणसं होती, कुठल्या गावची, बाजार कुठून आणायची, मसाला कुठं कुटायचा, भांडी कोण घासायचं (बहुतेक घरातल्या मुली, आणि त्यांची शाळा त्यापायी सुटली असेल तर तेही लिहा), पैसे बुडवून कोण गेलं आणि कोण नाही. जेवायला येणाऱ्यांपैकी कुणी गावाकडे हयात असेल तर त्यांना गाठा, माझा अनुभव असा की घरची माणसं गप्प बसतात पण जेवलेली माणसं अजून भाजीची चव सांगतात.

प्रश्न : चाळीबद्दल सगळे गोडच लिहितात. आम्ही महार वाड्यातून आलेलो, आमच्या आजोबांना गिरणीत आणि चाळीतही वेगळं वागवलं गेलं. ते लिहिलं तर जुने शेजारी नाराज होतील का? (एक वाचक, कल्याण)

काही होतील. तरीही लिहा, आणि माझ्या मते तेच आधी लिहा, कारण बाकीचं लिहायला पुष्कळ जण आहेत. साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार चांगला, पण धोट्यातली कांडी (सुताची गुंडाळी) बदलताना धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि बाट होईल म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेतच नव्हते, त्यांच्या वाट्याला कमी पगाराची खाती. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं रोखठोक मांडला होता. स्वतः बाबासाहेब परळच्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या) चाळीत कित्येक वर्षं राहिले, म्हणजे हे सगळं त्यांनी उंबऱ्यावरून बघितलेलं. पुढं १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळीत दलित आणि सवर्ण यांच्यात दंगल झाली, त्या वेळी लहान असलेली माणसं आज साठी-पासष्टीची आहेत, त्यांना सगळं आठवतं, कुणी दार लावून घेतलं आणि कुणी दार उघडून आत घेतलं. दोन्ही लिहा. आजोबांचं खातं कुठलं, पाणी कुठल्या नळावर, कुठल्या इमारतीत आपली माणसं एकत्र राहायची आणि का, हे ठिकाण आणि साल घालून लिहिलंत तर वाचणारा नाराज झाला तरी नाकारू शकणार नाही. हयात असलेल्या शेजाऱ्याचं नाव मात्र अशा ठिकाणी घालू नका, 'समोरच्या खोलीतले' एवढं पुरतं. दारू, कर्ज, मारहाण याबाबतही माझा हाच सल्ला आहे, प्रसंग लिहा, नाव गाळा, त्यांच्या नातवंडांचा त्यात काही दोष नाही.

प्रश्न : वडील पंच्याऐंशीचे झाले. त्यांना संपाबद्दल विचारलं की 'काय सांगायचं त्यात' म्हणून उठून जातात. वेळ हातातून चाललाय असं वाटतं. काय करू? (एक वाचक, चिपळूण)

संपाबद्दल विचारूच नका दादा. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो संप, अडीच लाखांच्या आसपास माणसं त्यात होती आणि तो अधिकृतपणे कुणी मागे घेतलाच नाही, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं तो संपलेला विषयच नाही. गावी परतलेले कामगार पोरांसमोर त्याबद्दल बोलायला का कचरतात ते समजून घ्या, नोकरी गेली, ग्रॅच्युईटीसाठी खेटे घातले, कुणी वॉचमन झालं, कुणाची पोरं वाईट मार्गाला लागली, आणि वर 'कशाला गेलात संपावर' हे ऐकून घेतलं. त्यांना वाटतं तुम्हीही तेच विचारताय.

त्यांना कामाबद्दल विचारा. साचा, म्हणजे माग, कसा चालवायचा, एका वेळी किती साचे बघायचे, धागा तुटला तर कसा सांधायचा, हात कसा फिरायचा ते करून दाखवा म्हणा. बदली कामगार असताना सकाळी गेटवर उभं राहून काम मिळायचं की परत यावं लागायचं, पहिल्यांदा गिरणीत कुणी चिकटवलं, जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, कोण होता, पहिल्या पगारात काय घेतलं. साळखात्यात काम केलेल्यांना बऱ्याचदा ऐकू कमी येतं, तेव्हा समोर बसा, उजेडात, आणि एका वेळी एकच प्रश्न. घरातले चार जण गोळा होऊन बसू नका. जमलं तर त्यांच्या जुन्या सोबत्याला बोलवा, दोघं एकमेकांशी बोलू देत, तुम्ही फक्त मोबाईल चालू ठेवा, अर्थात त्यांना सांगून. दोन गिरणी कामगार साच्यावर बोलायला लागले की संपावर आपोआप येतात, कधी पहिल्या दिवशी, कधी चौथ्या बैठकीला, आणि नाहीच आले तर साच्यावरचं बोलणं पण कमी मोलाचं नाही, कारण ती यंत्रं भंगारात गेली आणि ती चालवायची कशी हे सांगणारी माणसं आता फार थोडी उरलीत.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि कोण बोलतंय हे स्वतः मोठ्यानं म्हणा, आणि त्याच रात्री दुसऱ्या एखाद्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर कॉपी काढून ठेवा.