शाळेशी बोलायला मुलाला पुढे करू नका

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे. यजमानांच्या नोकरीमुळे म्युनिकला आलो तेव्हा मुलगा दुसरीत होता, आता चौथीत आहे. मला जर्मन जेमतेम येतं, यजमानांचं ऑफिस इंग्रजीत चालतं. शाळेच्या चिठ्ठ्या मुलगाच वाचून सांगतो. एकदा शाळेच्या पायी सहलीला मी त्याला भरलेलं दप्तर देऊन पाठवलं. बाकी मुलं डबा आणि पाण्याची बाटली घेऊन आली होती. गेल्या वर्षी जर्मनमध्ये ३ चे ४ झाले, तेव्हा प्रगती झाली म्हणून आम्ही आजी-आजोबांना फोन केला. इथे १ हा सर्वांत चांगला आणि ६ सर्वांत वाईट, हे नंतर कळलं. वर्गशिक्षिकेच्या भेटीतही तोच दुभाषा होता. 'सगळं छान चाललंय' एवढंच त्यानं सांगितलं. आता जानेवारीत मिळालेल्या गुणांत जर्मन ४, गणित २, परिसर अभ्यास ३ आहे आणि बाई मिटेलशूले (चौथीनंतरच्या तीन प्रकारच्या शाळांपैकी सर्वांत खालची) सुचवताहेत. त्याला इंजिनिअर व्हायचंय. आमच्या अज्ञानामुळे त्याचं नुकसान झालं का? भारतात परत यावं का?

उत्तर : ताई, दप्तराची गोष्ट मनातून काढून टाका. परक्या देशात पहिल्या दोन वर्षांत असं प्रत्येक घरात घडतं आणि मुलं ते विसरतात. गुणांचा उलटा अर्थ लावला गेला, त्याचंही फार वाटून घेऊ नका. काळजी करण्यासारखी गोष्ट एकच आहे. दोन वर्षं शाळेचं म्हणणं तुमच्यापर्यंत फक्त मुलाच्या तोंडून पोचलं. तो खोटं बोलला असं मुळीच समजू नका. स्वतःबद्दलची तक्रार स्वतःच्याच आईला समजावून सांगणं नऊ वर्षांच्या मुलाकडून होत नाही. बाईंनी 'घरी रोज मोठ्यानं वाचून घ्या' किंवा 'दुपारच्या जादा तासाला बसवा' असं सांगितलंही असेल. ते तुम्हाला कळायला हवं होतं.

आता निकडीचं. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बायर्नमध्ये पुढच्या शाळेची शिफारस मे महिन्याच्या सुरुवातीला लेखी मिळते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी काढतात. २.३३ पर्यंत गिम्नाझियुम म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी वरची शाळा, २.६६ पर्यंत रेआलशूले म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. तुमच्या मुलाची आजची सरासरी ३.०० आहे, म्हणून बाई मिटेलशूले म्हणताहेत. पण जी मुलं पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती, त्यांच्यासाठी नियमात वेगळी तरतूद आहे. गुण कमी पडण्याचं कारण जर्मन भाषा असेल आणि ती कसर भरून निघण्यासारखी असेल, तर सरासरी ३.३३ पर्यंत असली तरी शाळा त्याला वरच्या शाळेसाठी योग्य ठरवू शकते. तुमचा मुलगा दुसरीत दाखल झाला आणि गणितात त्याला २ आहे. म्हणजे प्रश्न डोक्याचा नाही, भाषेचा आहे. मात्र हा निर्णय शाळेनं घ्यायचा असतो, तो आपोआप लागू होत नाही. तुम्ही स्वतः विषय काढा आणि लेखी विचारा.

शिफारस तरीही मिळाली नाही, तर पुढच्या शाळेत तीन दिवसांचा प्रोबेउंटररिष्ट म्हणजे चाचणी-वर्ग असतो. त्यात जर्मन आणि गणित तपासतात. एकात ३ आणि दुसऱ्यात ४ मिळाले की मूल उत्तीर्ण. दोन्हींत ४ आले तर निर्णय पालकांवर सोडतात. मेपर्यंतचे महिने हातात आहेत. ते जर्मन वाचन-लेखनावर घालवा, गणिताचे जादा क्लास लावू नका.

तुम्ही गिम्नाझियुमचं नाव लिहिलेलं नाही, पण 'इंजिनिअर'च्या मागे तेच आहे हे मला जाणवलं. आपल्याकडे दहावीनंतर सायन्स मिळालं नाही की सगळं संपलं असं मानतात, तीच धास्ती आपण तिकडे नेतो. मला विचाराल तर या मुलासाठी मी आधी रेआलशूलेचा विचार करेन. तिथे सातवीपासून गणित-विज्ञान-तंत्रज्ञानाचा गट घेता येतो. दहावीनंतर फाखओबरशूलेची, म्हणजे विषयवार उच्च माध्यमिक शाळेची, तांत्रिक शाखा आहे. बारावी झाली की उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतो, आणि चांगल्या गुणांनी तेरावी केली तर सर्वसाधारण विद्यापीठाचाही मार्ग आहे. मधल्या काळात त्याची जर्मन सावकाश पक्की होईल. चौथीत कशीबशी सरासरी गाठून गिम्नाझियुमला गेलेलं मूल पुढे लॅटिन किंवा फ्रेंचच्या ओझ्याखाली रोज हरत राहतं. त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

अगदी मिटेलशूले झाली तरी पाचवीच्या शेवटी चांगल्या गुणांवर रेआलशूलेत जाता येतं. मिटेलशूलेतच राहूनही रेआलशूलेच्या बरोबरीची दहावीची परीक्षा देता येते. शिवाय तीन-साडेतीन वर्षांचं औस्बिल्डुंग म्हणजे व्यवसाय-प्रशिक्षण आहे. त्यात काही दिवस कारखान्यात, काही दिवस शाळेत, आणि दरमहा पगार. पुढे माइस्टर म्हणजे परीक्षा देऊन उस्ताद कारागीर झालेल्याला विद्यापीठातही प्रवेश मिळू शकतो. मेकाट्रॉनिक्सचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला जर्मनीत कोणी कमी समजत नाही. आपणही समजू नये.

परत येण्याबद्दल. यजमानांची बदली दोन-तीन वर्षांत नक्की होणार असेल तर तो विचार वेगळा करू, मग इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळेचाही हिशेब मांडता येईल. फी मात्र जबर असते. नुसत्या या गुणांना घाबरून येऊ नका. इथे आल्यावर त्याला मराठी-हिंदी लेखनात पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल.

आता तुमच्याबद्दल, ताई. मुलाच्या करिअरसाठी तुमच्या हातात सर्वांत मोठी गोष्ट तुमची स्वतःची जर्मन आहे. शहराच्या फोल्क्सहोखशूलेत म्हणजे प्रौढांच्या शिक्षण केंद्रात चौकशी करा. इंटेग्रात्सिओन्सकुर्समध्ये, म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठीच्या सरकारी अभ्यासक्रमात, ६०० तास भाषा आणि १०० तास देशाची ओळख असते, बी-१ म्हणजे रोजचा व्यवहार जमेल अशा पातळीपर्यंत नेतात. पण त्यासाठी घरातली मराठी सोडू नका. 'घरीसुद्धा जर्मनच बोला' असं कोणी सांगेल. मोडक्या जर्मनमध्ये आई मुलाला काय समजावणार? गोष्टी, भांडणं, हिशेब मराठीतच होऊ द्या. पहिली भाषा भक्कम असलेलं मूल दुसरी नीट शिकतं.

शाळेच्या चिठ्ठ्या फोनवर भाषांतर करून तुम्ही स्वतः वाचा. काही कळलं नाही तर सही करू नका, दुसऱ्या दिवशी विचारा. पालकसभेला एल्टर्नआबेंड म्हणतात. अर्धं समजलं नाही तरी दोघांपैकी एकानं जाऊन बसा आणि एखाद्या पालकाचा नंबर घ्या. मुलाला मात्र एकदा स्वच्छ सांगा की यापुढे चिठ्ठ्या वाचणं हे त्याचं काम नाही. बऱ्याच मुलांना त्यानंच हायसं वाटतं.

याच आठवड्यात वर्गशिक्षिकेची आणि शाळेच्या बेराटुंग्सलेरर म्हणजे मार्गदर्शक शिक्षकाची वेळ मागा. दुभाषा हवा हे आधीच कळवा. शाळेची सोय नसेल तर जर्मन येणारी एखादी ओळखीची मराठी व्यक्ती सोबत न्या. यजमानांनी त्या दिवशी अर्धी रजा काढावी. प्रश्न तीनच विचारा : जर्मनमध्ये तो नेमका कुठे अडतो, मेपर्यंत किती भरून निघेल असं त्यांना वाटतं, आणि ३.३३ ची तरतूद त्याला लागू होईल का. उत्तरं लिहून घ्या आणि मला पाठवा, म्हणजे मे महिन्याआधी पुढचं ठरवता येईल.