सोलापूरचं ऊन सोसतं म्हणून सगळीकडचं सोसेल असं नाही

प्रश्न: मी 26 वर्षांचा, जुळे सोलापूरला राहतो. तुळजापूर, अक्कलकोट सायकलनं नेहमीचंच, मागच्या मे महिन्यात विजापूरला एका दिवसात जाऊन आलो. आता एकट्यानं थायलंड-लाओस-व्हिएतनाम करायचंय, सुट्टी एप्रिलमध्येच मिळते. ऊन काय आपल्याला नवीन नाही. तयारी काय करू?

उत्तर: मे महिन्यात विजापूर आणि परत, म्हणजे दोनशे किलोमीटर, पायांबद्दल काही बोलायलाच नको. पण ते "ऊन नवीन नाही" मी पण म्हणालो होतो बे, आणि मग लाओसमध्ये एका दुकानाच्या बाकड्यावर दोन तास आडवा पडून होतो. तापमान होतं 36. आपल्याकडे 36 ला लोक कोट घालून वरातीत नाचतात! फरक हवेत आहे. आपली हवा कोरडी, घाम आला की उडतो आणि अंग गार होतं, माठाचं होतं तसं. मेकाँग नदीच्या काठाला हवेतच एवढं पाणी असतं की घाम नुसता गळतो, बनियन पिळून घ्या, पण आतली उष्णता आतच राहते. सपाटीवर सायकलचा वारा लागतो म्हणून समजत नाही, चढाला वेग मेला की मग समजतं, आणि लाओसमधून व्हिएतनामला जाताना डोंगर लागतोच.

एप्रिल तिथला सगळ्यात गरम महिना, त्यामुळे जमलं तर साहेबाच्या मागे लागून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत रजा काढ. नाहीच जमलं तर पहिला आठवडा रोज निम्मंच अंतर, कारण शरीराला नवीन उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, त्याला शॉर्टकट नाही. पहाटे पाचला निघायचं, साडेदहाला सावली, परत चारनंतर. आणि नुसतं पाणी ढोसत राहू नको, घामातून मीठ जातं आणि वरून साधं पाणी पडत राहिलं की रक्तातलं मीठ पातळ होतं, मग डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं पाणीच कमी पडलं म्हणून तो अजून पितो. ओआरएसची पाकिटं ठेव, संपली तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. बोलताना अडखळायला लागलास, तोल जायला लागला, तर तो थकवा नाही, उष्माघात आहे, तिथंच थांबून अंगावर पाणी ओत आणि कोणालातरी हाक मारून दवाखाना गाठ. कडक भाकरी आणि शेंगा चटणी मात्र जरूर ने, एनर्जी बार वगैरे त्याच्यापुढे काही नाही. चादर नको, वजन होतं, आपला टॉवेल बास.

प्रश्न: सोलापुरातून थेट सायकलनंच थायलंडला जाता येईल का? आणि बॉर्डरवर सायकलचे कागद लागतात का? (होटगी रोडवरचा वाचक)

उत्तर: थेट नाही. मणिपूरमधल्या मोरेवरून म्यानमारमध्ये शिरायचं असा रस्ता होता, पण 2021 च्या सत्तापालटानंतर तिथं लढाई चालू झाली, तो नाद सोडा. बँकॉकपर्यंत विमान, सायकल खोक्यात. 1923 ला मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले, इराण-इराकच्या वाळवंटातून गेले, त्यातले तिघं 1928 ला परत आले, आज त्यांच्यापेक्षा आपली सायकल भारी आणि रस्ता अवघड. असो.

गाडी तात्पुरती परदेशात न्यायला कस्टमचा जो कागद लागतो, कार्नेट म्हणतात त्याला, तो सायकलला लागत नाही. व्हिसाचं मात्र बारीक वाचा, व्हिएतनामच्या ई-व्हिसावर कुठल्या नाक्यावरून शिरणार ते लिहिलेलं असतं, दुसऱ्याच नाक्यावर गेलात तर परत फिरा, आणि सायकलवर परत फिरणं म्हणजे दोन दिवस. थायलंड-कंबोडिया बॉर्डर 2025 च्या भांडणात बंद झाली, म्हणून थायलंडमधल्या नाँग खाईवरून, मेकाँगचा पूल ओलांडून लाओसला गेलेलं बरं. पुलापलीकडे वाहनं उजवीकडून चालतात हे विसरू नका, पहिल्या दिवशी चहा पिऊन निघालं की हात आपोआप डावीकडे वळतो.

प्रश्न: मुलगी एकटीच सायकलनं नेपाळला जाते म्हणते. फोन नाही आला तर किती वेळानं काळजी करायची?

उत्तर: काकू, हे असं सरळ कोणी विचारत नाही. पुण्याची वेदांगी कुलकर्णी 2018 मध्ये, विसाव्या वर्षी, सायकलवर जग फिरली, साधारण 29 हजार किलोमीटर, वाटेत स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटलं पण होतं, तरी पुरं केलं. म्हणजे धोका नसतो असं मी म्हणणार नाही. व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार कार्ड घ्यायला सांगा, नुसत्या आधारवर नको. निघायच्या आधी दोघींनी मिळून ठरवा, संध्याकाळी सातला मेसेज, आणि आज मुक्काम कुठं ते सकाळीच. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं आहे, कोणाचे सात तेही ठरवून घ्या. डोंगरात रेंज जाते म्हणून वर दोन तास सोडा, मग मुक्कामाच्या ठिकाणी फोन करा. तिला मात्र त्या दोन तासांत सारखा लावू नका, घाट उतरत असली तर दोन्ही हात ब्रेकवर लागतात.